बेंगळुरूत सात महिने झाले, नावाने हाक मारतो तो फक्त कुरिअरवाला

तंबोऱ्याची_तार | ३ नोव्हेंबर, रात्री १०:५२

मंडळी, धागा काढू की नको यातच दिवाळी गेली. आज काढतेच.

एप्रिलमध्ये मिरजेहून बेंगळुरूला आलो. नवऱ्याची बदली झाली, लेक हॉस्टेलवर गेली, आणि मी २२ वर्षांची शाळा सोडली. आठवी ते दहावी, गणित. मिरजेत मी भाजीला निघाले की मार्केटपर्यंत पोचायला पाऊण तास लागायचा, कारण दर दहा पावलांवर कुणीतरी "बाई!" म्हणून थांबवणार. अर्ध्या गावाला मी त्रैराशिक शिकवलंय. इथे सात महिन्यांत मला नावाने हाक मारणारा एकच माणूस, कुरिअरवाला. तोही ओटीपी मागायला.

घर जे.पी.नगरला, मेट्रोपासून चालत बारा मिनिटं. नवरा रात्री नऊला येतो. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तीनशेच्या वर लोक आहेत आणि विषय दोनच, टँकर आणि पार्किंग. लिफ्टमध्ये सगळे मोबाइलमध्ये डोकं घालून उभे. मुलीच्या सांगण्यावरून एका "नेटवर्किंग मीट"ला गेले. छातीवर नावाचा स्टिकर लावला, हातात कागदी कपात चहा. पंचविशीतल्या एका पोराने विचारलं, काय करता. म्हटलं, शाळेत शिकवायचे. त्याची नजर माझ्या खांद्यावरून पुढच्या माणसाकडे गेली. स्टिकर तसाच साडीला चिकटलेला घरी आला, दोन धुण्यांनंतर निघाला.

मला हवंय ते असं. एक, चार माणसं जी दिसल्यावर थांबतील. दोन, शिकवण्या. घरात बसून वर्गमूळ काढून किती काढू? तीन, हे शहर बघायचंय, पण "दहा ठिकाणं जी पाहायलाच हवीत" अशी यादी नको.

कानडी थोडी येते. मिरजेत कानडी कानावर पडत असतेच. पण आमची कानडी बेळगाव-विजापूरकडची, प्रत्येक वाक्याला "री" लावणारी. इथे "येन्री" (काय हो) म्हटलं की समोरचा हसतो आणि हिंदीत उत्तर देतो.

---

चहाटळ | ३ नोव्हेंबर, रात्री ११:२०

बाई, आधी महाराष्ट्र मंडळात जा. गांधीनगरला, मॅजेस्टिकपासून (मुख्य बस-मेट्रो स्थानक) चालत. १९२० सालचं मंडळ आहे, शंभरी ओलांडलेलं. मेट्रोची हिरवी लाइन धरलीत की थेट मॅजेस्टिक.

---

अर्धवट_वकील | ३ नोव्हेंबर, रात्री ११:४१

काडी टाकतो. मंडळात जाऊन भेटणार कोण? मराठी माणसं. खाणार काय? साबुदाण्याची खिचडी. बोलणार काय? "पुण्यात आता पूर्वीचं राहिलं नाही." मग मिरज काय वाईट होती? नवीन गावात जाऊन जुनाच गाव शोधायचा हा आपल्या लोकांचा आजार आहे.

हलके घ्या.

---

चहाटळ | ३ नोव्हेंबर, रात्री ११:४४

वकीलसाहेब, तुम्ही पुण्यातून पुण्यात स्थलांतर केलेलं आहे. कोथरूड ते बाणेर. तुमचा अनुभव दांडगा.

---

गांधीनगर_८७ | ४ नोव्हेंबर, सकाळी ६:०५

दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. जरा सविस्तर लिहितो, सकाळी वेळ असतो.

मी १९८७ साली सातारहून इथे आलो, एका सरकारी कारखान्यात नोकरीला. मल्लेश्वरमला खोली. खोलीत फोन नाही, आणि मालकांना मराठी सोडा, हिंदीही येत नव्हतं. पहिल्या रविवारी मंडळाचा पत्ता विचारत गेलो. तिथे जेवायला बोलावणारी दोन घरं मिळाली, गणपतीत नाटकात पडदा ओढायचं काम मिळालं आणि पुढे बायकोला डोहाळजेवण करणारं माणूस मिळालं. तेव्हा मंडळाला नावं ठेवू नका. परगावी आजारी पडल्यावर आपल्या भाषेत "कसं वाटतंय" विचारणारं कुणी असलं की बरं वाटतं.

पण या शहराने मला आपलं म्हटलं ते मंडळामुळे नाही. ते कॉफीमुळे.

दर्शिनी ठाऊक असेलच. उभ्या-उभ्या खायचं उपाहारगृह. टोकन घ्या, काउंटरवरून थाळी उचला, गोल उंच टेबलापाशी उभे राहा, खा आणि निघा. ऐंशीच्या दशकात जयनगरमध्ये ही पद्धत सुरू झाली आणि शहरभर पसरली. तिथे "बाय-टू" मागतात. एक कॉफी, दोन पेल्यांत. मुंबईचा कटिंग एकट्याने पितात, बाय-टूला मात्र दुसरा माणूस लागतो! मी रोज ६:४० ला जायचो. एक गृहस्थ रोज ६:४० ला यायचे, गळ्यात मफलर, बेंगळुरूच्या त्या थंडीतसुद्धा (हिला थंडी म्हणायला साताऱ्याच्या माणसाला लाज वाटते). एके दिवशी सुट्टे नव्हते म्हणून त्यांनी मला खुणेने विचारलं, बाय-टू? झालं. पुढची तीन वर्षं आम्ही रोज एक कॉफी वाटून प्यायलो. आधी फक्त मान हलवायची. मग "मळे?", म्हणजे पाऊस? मग "ऊटा आयता?", म्हणजे जेवण झालं का, असं सकाळी पावणेसातला विचारून दोघंही हसायचो. कानडी मी त्या टेबलाशी शिकलो. त्यांचं नाव मला चौथ्या वर्षी कळलं, तेही त्यांच्या मुलाच्या लग्नाच्या पत्रिकेवरून.

तेव्हा बाई, माझं सांगणं एवढंच: नवनव्या ठिकाणी हिंडू नका. एकच ठिकाण धरा, एकच वेळ धरा, आणि ढिम्म उभ्या राहा. मीटमध्ये माणसं एकदाच भेटतात, म्हणून तिथे स्वतःची जाहिरात करावी लागते. रोज दिसणाऱ्या माणसाला काही सांगावं लागत नाही.

रच्याकने (बाय द वे), आधार कार्डावर इथला पत्ता करून घ्या. जून २०२३ पासून कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना साध्या सरकारी बसमध्ये तिकीट पडत नाही. कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट देतो. व्होल्वोला मात्र पैसे.

---

कोरी_पाटी | ४ नोव्हेंबर, सकाळी ९:३३

काकांना +१. मी २६ वर्षांचा, व्हाइटफील्डला राहतो. तार काकू, तुम्हाला वाटत असेल की त्या मीटमधली पोरं मजेत आहेत, तर तसं काही नाही. तुमच्या खांद्यावरून पुढे बघणाऱ्यालाही रात्री बोलायला कुणी नसतं. खात्रीने सांगतो, कारण असल्या आठ मीट मी केल्यात.

आता नवव्या मीटचं सांगतो. "समविचारी लोकांची रविवार-भेट" असा निरोप आला. कोरमंगलाच्या एका कॅफेत सहा जण होते. पहिला अर्धा तास आयुष्यात आपल्याला काय हवंय यावर चर्चा. मला तर भरून आलं. मग त्यातल्या दोघांनी बॅगेतून पाणी शुद्ध करायचं यंत्र काढलं आणि माझ्या "खाली" चार माणसं जोडली तर महिन्याला किती येतील ते कागदावर त्रिकोण काढून दाखवलं. समविचारी लोक कॉफीचे पैसे न देताच निघून गेले.

---

अर्धवट_वकील | ४ नोव्हेंबर, सकाळी ९:५०

त्रिकोणावरून आठवलं, धागाकर्ती गणिताच्या आहेत. त्यांना नेलं असतंस तर त्यांनी तिथेच फळ्यावर दाखवलं असतं की तेराव्या पायरीला पृथ्वीवरची माणसं संपतात.

---

तंबोऱ्याची_तार | ४ नोव्हेंबर, सकाळी १०:१५

एकाखाली चार धरले तर सतराव्या पायरीला, वकीलसाहेब. तेरावीला पावणेसात कोटी होतात, तेवढ्यात कर्नाटक जेमतेम भरेल. सवय जात नाही.

गांधीनगर काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पण एक विचारते. तुम्ही पुरुष. सकाळी पावणेसातला साडीतली एकटी बाई दर्शिनीत उभी राहिली तर?

---

गांधीनगर_८७ | ४ नोव्हेंबर, सकाळी १०:४०

८७ साली वेगळं होतं, खरं आहे. आता बसवनगुडी, जयनगरच्या दर्शिनीत फिरायला जाऊन आलेल्या बायकांचे घोळके असतात, कॅनव्हासचे बूट घालून, इडली-वडा समोर ठेवून. पहिले आठ दिवस नजरा पडतील. नंतर तुम्ही तिथल्याच भिंतीचा भाग होता.

---

रानवेडा | ४ नोव्हेंबर, दुपारी १:०२

कोल्हापूरवाला हजर! मिरजेची म्हणजे आमची शेजारीणच की.

बाई, शहर बघायचं तर लालबागपासून सुरुवात करा. तुमच्याच लाइनीवर स्टेशन आहे. हैदर अलीनं १७६० च्या सुमारास सुरू केलेली बाग, काचघर १८८९ चं, हे सगळं फलकावर वाचाल. पण तुम्ही फुलं बघू नका, आधी तो खडक चढा. बागेच्या मधोमध उघडा पडलेला मोठा खडक आहे, वर शहर वसवणाऱ्या केंपेगौडाचा बुरूज. तो खडक ३०० कोटी वर्षांचा आहे. आपण सह्याद्रीचा एवढा मिजास करतो, पण आपला बेसॉल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. त्याच्यापुढं शेंबडं पोर! मी पहिल्यांदा तिथं बसलो तेव्हा हात टेकून माफी मागितली.

पहाटे तिथं शेकडो लोक येतात. एकटं फिरायला भीती नाही. आणि काकांचा नियम इथंपण लागू. रोज त्याच दारानं आत जायचं.

तुमच्या घराजवळच पुट्टेनहळ्ळीचं तळं आहे, सातव्या फेजमध्ये. मरायला टेकलं होतं. आसपासच्या रहिवाशांनी २०१० मध्ये ट्रस्ट काढून ते जगवलं. असल्या ठिकाणी कचरा वेचायला, झाडं मोजायला माणसं लागतातच. हातात काम असलं की तोंड आपोआप चालतं. माझे इथले सगळे दोस्त चिखलात भेटलेत.

---

म्युनिकहून_मावशी | ४ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:१८

लालबागचं नाव निघालं म्हणून आले. तिथल्या झाडांमागे एक जर्मन माळी आहे, कृंबिगेल. हा आधी बडोद्याला गायकवाडांच्या बागा सांभाळत होता, तिथून १९०८ मध्ये बेंगळुरूला आला. वर्षाच्या प्रत्येक महिन्यात कुठलं ना कुठलं झाड फुललेलं असावं अशा हिशेबाने त्याने शहरात झाडं लावली. म्हणजे परक्या गावात येऊन ओळख कशी करून घ्यावी याचा हा एक नमुनाच. लालबागेजवळचा एक रस्ता त्याच्या नावाने आहे.

इथे जर्मनीत मी आले तेव्हा तुमच्यासारखीच गत होती. इथे प्रत्येक गोष्टीचा "फेराइन" असतो, म्हणजे नोंदणी केलेलं मंडळ. गाण्याचा, बुद्धिबळाचा, ससे पाळणाऱ्यांचा. मी फोल्क्सहोखशूलमध्ये, म्हणजे मोठ्यांच्या शाळेत, भाषेच्या संध्याकाळच्या वर्गाला गेले. स्वस्त असतात, गावोगावी असतात. वर्गात सगळेच बावळट, त्यामुळे मैत्री झटकन होते. भाषा शिकायला गटातच जा, अॅपवर नको. अॅप तुमच्याबरोबर चहाला येत नाही.

---

नागपुरी_तर्री | ४ नोव्हेंबर, रात्री ९:३०

काहून टेन्शन घेता जी ताई. तसंही बेंगळुरू आपलंच आहे ना. शहाजीराजांची जहागीर! छाती काढून फिरायचं.

---

गांधीनगर_८७ | ५ नोव्हेंबर, सकाळी ६:१०

तर्रीसाहेब, गोष्ट खरी आहे. १६३८ मध्ये विजापूरकरांनी केंपेगौडांच्या वंशजांकडून बेंगळुरू घेतलं आणि शहाजीराजांकडे ते जहागिरीत आलं. मल्लेश्वरमचं काडू मल्लेश्वर देऊळ व्यंकोजीराजांशी जोडलेलं आहे, तिथे १६६९ चा शिलालेख आहे. मी त्याच देवळाच्या मागे राहायचो. इथे पिढ्यान्‌पिढ्यांची मराठी घरंही आहेत, घरात मराठी आणि रस्त्यावर कानडी बोलणारी. रजनीकांतचं मूळ आडनाव गायकवाड, आणि तो इथल्याच बसवर कंडक्टर होता.

पण हा इतिहास मीटर न टाकणाऱ्या रिक्षावाल्याला ऐकवू नका. छाती काढून फिरणाऱ्यांची इथे आधीच दाटी आहे, उत्तरेकडूनही येतात. "स्वल्प कन्नड बरुत्ते", थोडी कानडी येते, एवढं एक वाक्य साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या जहागिरीपेक्षा जास्त कामाला येतं.

---

सुपारीएवढी | ५ नोव्हेंबर, दुपारी २:२६

इतके दिवस वाचनमात्र होते. आमच्या बेंगळुरूच्या पहिल्या वर्षातली उपयोगी पडलेली वाक्यं देते. "इल्ली निल्लिसी" म्हणजे इथे थांबवा. "एडक्के" डावीकडे, "बलक्के" उजवीकडे. "साकु" म्हणजे पुरे, हे वाढपी सांबार ओतत असताना वेळेवर आठवायला हवं. आणि "तुप्पा" म्हणजे तूप, तिथे तर शिकण्यासारखं काहीच नाही.

फसवे शब्दही आहेत. तिकडे "उपन्यास" म्हणजे कादंबरी नाही, व्याख्यान. मी हिंदीच्या आधारावर कादंबरीचं प्रकाशन समजून गेले आणि दोन तास वेदान्त ऐकून आले. शेजारच्या आजींनी मला रोज वेदान्त ऐकणारी सुशील मुलगी समजून आपल्या भिशीत घेतलं. आता तो गैरसमज मोडायची हिंमत नाही.

---

तंबोऱ्याची_तार | १९ नोव्हेंबर, रात्री ८:४४

मंडळी, पहिला अहवाल.

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीच्या मोठ्या नंदीच्या देवळापाशी कडलेकाई परिशे भरते. भुईमुगाच्या शेंगांची जत्रा. नवीन पिकाच्या शेंगा आधी बसवण्णाला, म्हणजे नंदीला, मग लोकांना. संध्याकाळी एकटीच गेले. रस्ताभर शेंगांचे ढीग, कच्च्या, भाजलेल्या, उकडलेल्या. नंदीपर्यंत पोचलेच नाही, गर्दीने मला जिकडे ढकललं तिकडे गेले. एका ढिगापाशी बसलेल्या बाईंना माझ्या पद्धतीने विचारलं, "येष्टरी?" (केवढ्याला हो?) त्या हसल्या. पण हिंदीत नाही वळल्या! "नीवु हुब्बळ्ळी कडेयवरा?" म्हणाल्या. हुबळीकडच्या का. म्हटलं, त्याच्याही पलीकडची. मग त्यांनी शेंगा मापाने मोजल्या, वर एक ओंजळ टाकली आणि म्हणाल्या, "बडवरा बादामी." गरिबाचे बदाम. सांगलीकडच्या माणसाला शेंगेचं कौतुक नवं नाही, पण डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं शेंगेचं तूस गेलं.

त्या दिवशी मी सात माणसांशी बोलले. मोजली.

दर्शिनीचंही सुरू केलंय. सकाळी ६:५०. दोन आठवडे झाले. अजून भिंतीचा भाग झालेले नाही, पण गल्ल्यावरच्या माणसाने काल मला बघून टोकन आधीच फाडून ठेवलं होतं.

---

कोरी_पाटी | १९ नोव्हेंबर, रात्री ९:०२

टोकन आधीच फाडलं म्हणजे नागरिकत्व मिळालं, काकू.

---

अर्धवट_वकील | १९ नोव्हेंबर, रात्री ९:१५

कॉफी कशी आहे ते लिहा. बाकी भावनिक मजकूर कमी करा.

---

तंबोऱ्याची_तार | १९ नोव्हेंबर, रात्री ९:२१

चिकोरी घातलेली, कडक, गोड. चहाची आठवण येते. झालं समाधान?

---

चहाटळ | २० नोव्हेंबर, सकाळी ११:१०

नाटक आवडत असेल तर रंगशंकरा तुमच्या घराजवळ आहे, जे.पी.नगर दुसऱ्या फेजमध्ये. अरुंधती नाग यांनी पती, कन्नड नट-दिग्दर्शक शंकर नागांच्या स्मरणार्थ उभं केलं, २००४ साली सुरू झालं. शंकर नागांची रंगभूमीवरची सुरुवात मुंबईत मराठी नाटकांतूनच झाली होती, त्यामुळे थोडं आपलंही समजा. सोमवार सोडून रोज प्रयोग असतो. फक्त वेळेवर जा. नाटक सुरू झालं की दार बंद.

---

तंबोऱ्याची_तार | ८ डिसेंबर, रात्री १०:०५

गेले. ७:३० चा प्रयोग, मी ७:३२ ला दारात. दार बंद. चूक माझीच, साडी बदलत बसले. आणि खरं सांगू, रागाऐवजी बरं वाटलं. २२ वर्षं मी पोरांना घंटेनंतर वर्गात घेतलेलं नाही. कुणीतरी माझ्यासारखं आहे या गावात.

माझ्यासारखीच उशिरा आलेली एक बाई होती. दोघींनी तिथल्याच कॅफेत अक्की रोट्टी खाल्ली, तासभर गप्पा झाल्या, नंबर घेतले. मी आनंदाने घरी आले. त्यानंतर मी दोन निरोप पाठवले, एक अंगठा आला. बस. असंही होतं, हेही लिहून ठेवते. नाहीतर धागा फार गोड व्हायला लागलाय.

मंडळातही जाऊन आले. काकांनी लिहिलं तसंच, कुणी न विचारता ताटावर बसवलं. पण जाऊन येऊन अर्धा दिवस जातो. महिन्यातून एकदा जमेल.

---

रानवेडा | ९ डिसेंबर, सकाळी ७:४०

एवढ्यावर खचू नका. या गावात अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, मिनिटांत मोजतात, आणि मैत्रीला चाळीस मिनिटांच्या वर ताण सोसत नाही. पार उत्तर टोकाच्या हेब्बाळच्या माणसाशी मैत्री म्हणजे परदेशातली मैत्री. घरापासून चालत जाता येईल तेवढ्यातच माणसं शोधा.

---

सुपारीएवढी | ९ डिसेंबर, दुपारी १२:३०

आणि शिकवण्यांसाठी पाट्या लावू नका, अॅपवर नाव नोंदवू नका. सोसायटीतल्या आज्यांना सांगा. इस्त्रीवाल्याला सांगा. कुठल्या घरात कितवीतलं पोर आहे आणि कुणाला गणितात किती पडले हे इस्त्रीवाल्याइतकं शाळेलासुद्धा माहीत नसतं.

---

तंबोऱ्याची_तार | २१ जानेवारी, रात्री ९:३७

मोठा अहवाल. वकीलसाहेब, भावनिक मजकूर आहे, पुढे सरका.

गेल्या आठवड्यात खाली पार्किंगमध्ये पहिल्या मजल्यावरच्या आजी मोठं घमेलं घेऊन बसल्या होत्या. रोज मी त्यांना नमस्कार करते, त्या मान हलवतात, नऊ महिने एवढंच. घमेल्यात पाणी, पाण्यात हिरवट दाणे. एकेक दाणा चिमटीत धरून दाबायच्या, साल हातात आणि डाळ टुपकन भांड्यात. बघितलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अगंबाई, डाळिंब्या!"

त्यांना शब्द कळला नाही, पण सूर कळला. त्या म्हणाल्या, "हितकिद अवरेबेळे." अवरेकाई म्हणजे आपला पावटा. थंडीत इथे लोक त्याच्यासाठी वेडे होतात, व्ही.व्ही.पुरमच्या खाऊगल्लीत सुरू झालेली त्याची जत्रा भरते, डोशापासून जिलबीपर्यंत सगळ्यात पावटा. आपण वाल भिजवून, मोड आणून सोलतो. हे ओले दाणे भिजवून दाबतात. हाताची हालचाल मात्र तीच. मी पायरीवर बसले आणि घमेल्यात हात घातला. विचारलंसुद्धा नाही. दीड तास सोलत होतो. त्यांची कानडी हासनकडची, माझी मिरजेची, अर्धं त्यांना कळत नव्हतं, अर्धं मला. माझ्या प्रत्येक "री"ला त्या हसत होत्या, आणि पहिल्यांदाच मला त्या हसण्याचा राग आला नाही.

मग त्यांनी विचारलं, आधी काय करत होतीस. म्हटलं, "टीचर. गणिता." त्यांनी हातातला दाणा तसाच ठेवला आणि वर बघून हाक मारली. नववीतला नातू खाली आला. प्रमेय म्हटलं की पोटात दुखणारा. तिथेच खडूने जमिनीवर त्रिकोण काढला (कोरी पाटी, चार माणसं जोडायचा नव्हे). दुसऱ्या दिवशी तो एका मित्राला घेऊन आला. आज तीन झालेत. रांगोळी काढायच्या जागेवर बसतात, कारण आजींना वर जिना चढवत नाही आणि त्यांना ऐकायचं असतं.

आता फीचा प्रश्न आहे. पैसे किती घेऊ? आजींकडून घ्यायला संकोच वाटतो. त्यांनी परवा सारु भरून डबा पाठवला.

---

सुपारीएवढी | २१ जानेवारी, रात्री ९:४९

पैसे घ्या! डबाही घ्या! फुकटच्या शिकवणीला पोरं पहिल्या आठवड्यात येतात, दुसऱ्यात वाढदिवस असतो, तिसऱ्यात ताप.

---

गांधीनगर_८७ | २२ जानेवारी, सकाळी ६:००

बाकीच्या दोघांकडून चालू दराने घ्या. आजींच्या नातवाचं काय घ्यायचं ते आजींनाच ठरवू द्या. तुम्ही नको म्हणालात तर त्या नातवाला पाठवणं बंद करतील. त्या पिढीचा मला अनुभव आहे, आता मीही त्याच पिढीत आलो.

---

अर्धवट_वकील | २२ जानेवारी, सकाळी १०:२०

पुढे सरकलो नाही. सगळं वाचलं. डाळिंब्यांची उसळ केलीत तर ओल्या पावट्याची चव कशी लागते ते कळवा, बाणेरला ओला पावटा बरा मिळत नाही.

---

चहाटळ | २२ जानेवारी, सकाळी १०:३१

इतिहासात नोंद व्हावी: वकीलसाहेबांनी मुद्द्याचा प्रतिसाद दिला.

---

रानवेडा | २३ जानेवारी, संध्याकाळी ७:१५

धागा वरच आहे तर गटग (गेट-टुगेदर) करून टाकू. प्रजासत्ताक दिनाच्या आसपास लालबागेत फुलांचं प्रदर्शन असतं, तेव्हा नको, माणसांवर माणसं. फेब्रुवारीचा पहिला रविवार. सकाळी सात, लालबागचं पश्चिम दार, मेट्रो स्टेशनच्या जवळचं. खडकावर चढू. तोपर्यंत तबेबुयाची झाडं गुलाबी झालेली असतील, मावशींच्या त्या जर्मन माळ्याच्या हिशेबाप्रमाणं.

---

तंबोऱ्याची_तार | २३ जानेवारी, रात्री ८:०२

येते. पण ६:५० ची माझी कॉफी ठरलेली आहे. ती पिऊन येईन. गल्ल्यावरचे अण्णा न सांगता गेलं तर दुसऱ्या दिवशी चौकशी करतात.

---

गांधीनगर_८७ | २४ जानेवारी, सकाळी ६:१२

मीही येतो. गुडघ्यांमुळे खडकावर नाही चढणार, खाली बाकावर बसेन. फ्लास्कमध्ये कॉफी आणतो. पेले दोनच आहेत, बाय-टू, बाय-फोर जे काय होईल ते करू.

---

कोरी_पाटी | १ फेब्रुवारी, सकाळी ६:०९

व्हाइटफील्डहून निघतोय. रविवारी पहिली मेट्रो उशिरा असते हे लक्षातच नव्हतं, स्टेशनबाहेर उभा आहे. जांभळी लाइन, मग मॅजेस्टिकला बदलून हिरवी. साडेआठ वाजतील. थांबणार ना?

---

तंबोऱ्याची_तार | १ फेब्रुवारी, सकाळी ६:३१

ये सावकाश. हे रंगशंकरा नाही.